बझर कुठे बसवायचा

तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं, तर त्या माणसाची कूस कोण बदलतं? ‘आम्ही सगळेच करतो’ हे उत्तर मला नको आहे. ते मी फार ऐकलं. एकच माणूस सांगा.

मला असंच विचारता येतं. आमच्या अमरावतीच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील शाळेत शिकवत आणि शाळा सुटली की कुठल्या ना कुठल्या सभेला जात. पाण्याचा प्रश्न, फीवाढ, दारूचं दुकान, अंगात येणारे बाबा. छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि जेवणाआधी सगळ्यांनी बसून ते दुमडायचे, असा घरचा रिवाज होता. पिवळ्या-गुलाबी पातळ कागदाची शाई बोटांना लागायची आणि मग पोळीलाही तिचा वास यायचा. मी अक्षरं त्या कागदांवरच शिकले. वडिलांचा नियम होता, वर प्रश्न आणि खाली काम. ज्या पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला काही काम दिलेलं नाही, ते भजी बांधायला द्यावं, असं ते म्हणत.

वडिलांची मोठी बहीण, माझी आत्या, अकोल्याला डाबकी रोडला राहते. वडील तिच्याकडे जाताना पत्रकं घेऊनच जायचे. आत्या हातातलं काम ठेवायची, चष्मा लावायची, पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचायची आणि घडी घालून परत द्यायची.

“सगळं हाय रे बाप्पा तुह्या कागदात,” ती म्हणायची. “भाकर कोन थापते, थेवढं नाई.”

वडील हसायचे. मी मात्र फुगून बसायचे. एवढ्या मोठ्या लढाईत हिला भाकरीचं काय पडलंय, असं मला वाटायचं.

मागच्या दिवाळीनंतर आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण राहिलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, एकाच बाजूवर पडून राहिल्या तर कातडी सडेल, आणि ती जखम झटक्यापेक्षा जड जाईल. ऐकायला तिघं उभे होते. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांचा मुलगा, माझा दादा. आणि दादाची बायको, वहिनी. तिघांनीही माना डोलावल्या. मी ते पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता. आमच्या गाइड सरांकडे तयार विषय असायचे. कुंडीला आपोआप पाणी घालणं, वर्गातली हजेरी मोजणं. मी म्हणाले, मला असं यंत्र करायचं आहे जे माणूस किती वेळ एकाच कुशीवर आहे ते ओळखेल आणि वेळ झाली की वाजेल. सरांनी पेन खाली ठेवलं.

“मेडिकल म्हटलं की लफडं असतं बेटा. कुंडी मेली तर कोणी विचारत नाही.”

“म्हणूनच करायचं, सर.”

“तुझं हे ‘म्हणूनच’ मला माहीत आहे,” सर म्हणाले आणि सही केली.

माझ्या जोडीला परतवाड्याचा एक वर्गमित्र होता. त्याच्या घरी मोटारी भरायचं दुकान, त्यामुळे सोल्डरिंगला त्याचा हात बसलेला. मी त्याला ‘परतवाड्याचा’च म्हणायचे, मला तो ‘पुढारीण’ म्हणायचा. मी बोलायला लागले की तो कानात बोट घालून तार सोलायचा.

पहिला सेन्सर सगळे निवडतात तोच आम्ही निवडला. दुधी रंगाची गोल टोपी असलेला, एखाद्या जिन्यात माणूस आला की दिवा लावणारा पीआयआर. तो अंगाला लावावा लागत नाही, भिंतीवर बसतो, आणि राजकमल चौकाजवळच्या दुकानात कधीही मिळतो. अंगातून जी ऊब बाहेर पडते ती हलली की त्याला कळतं. जानेवारीत आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये त्याची चाचणी घेतली. परतवाड्याचा टेबलावर चादर घेऊन झोपला, कुशीवर वळला, दिवा लागला. पुन्हा वळला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा तो वळेना, कारण त्याला खरंच झोप लागली होती. सरांनी पाहिलं, छान म्हणाले, पुढच्या पानावर गेले.

मार्चच्या शेवटी आम्ही बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो. त्या वर्षी मी या गाडीत इतकी बसले की मूर्तिजापूरला कुठला फेरीवाला कुठल्या दारातून चढतो ते मला पाठ झालं होतं. सोबत बोर्ड, तारांचं वेटोळं, परतवाड्याच्याचा टेस्टर. घामाने बोर्ड ओला होऊ नये म्हणून परतवाड्याचा डब्यात उभं राहून तो डोक्यावर धरायचा.

आत्याची खोली मधली. वर उघडा स्लॅब, एका खिडकीला कूलर, दाराला पडदा. भिंतीवर आम्ही ती दुधी टोपी बसवली. सकाळी तिने थोडंफार काम केलं. दुपारी वहिनीने आत्याला वळवलं आणि दिवा लागला नाही. वहिनीने परत वळवलं. नाही लागला. परतवाड्याच्याने पोटावर पडून तारा तपासल्या. तेवढ्यात कूलरच्या वाऱ्याने दाराचा पडदा उडाला आणि बाहेरच्या तापलेल्या अंगणाचा एक पट्टा टोपीसमोर आला. दिवा लागला.

मी भिंतीला हात लावला. मग आत्याच्या कपाळाला. फरक नव्हता.

हे कुठल्याही पुस्तकात असतं, आम्हीच त्या ओळीवरून पुढे गेलो होतो. तो सेन्सर ऊब पाहत नाही, उबेतला फरक पाहतो. जानेवारीत लॅबच्या भिंती गार होत्या, म्हणून त्याला माणूस दिसला. अकोल्याच्या उन्हात स्लॅब तापून खोली अंगाएवढी गरम झाली की त्याच्या दृष्टीने खाटेवर कुणी नाहीच. आत्या दिसत नव्हती, पडदा दिसत होता.

“आत्या भिंतीएवढ्याच गरम हायेत,” परतवाड्याचा म्हणाला. “आमच्या परतवाड्याले चाललं असतं. आमच्याकडे डोंगराची हवा.”

“तुह्या परतवाड्याले आत्या नाई.”

“आन ना मंग. गाडी करून आन.”

आत्या खाटेवरून हसली. तोंडाच्या एका बाजूनेच. तिला हसताना पाहून मला राग यायचा बंद झाला आणि थकवा आला. परतीच्या गाडीत मी अहवालात लिहिलं की हा सेन्सर जिथे कुठे बनवला गेला, तिथल्या लोकांनी उन्हाळ्यातली वऱ्हाडातली खोली माणसाची राहण्याची जागा म्हणून मोजलीच नाही. सरांनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली.

“हा रिपोर्ट आहे, सभा नाही. लिही, ‘सभोवतालचे तापमान जास्त असल्यास संवेदनशीलता कमी होते.’”

तेही खरंच होतं. मी तसं लिहिलं.

दुसरा सेन्सर म्हणजे गादीखाली ठेवायची एक चपटी पट्टी. अंग हललं की गादी दबते, गादी दबली की पट्टीला कळतं. उन्हाशी संबंध नाही, पडद्याशी नाही. कूलरची थरथर खाटेतून तिच्यापर्यंत यायची, ती आम्ही कोडमधून गाळून टाकली आणि दोघंही स्वतःवर खूश झालो. खाटेच्या पायाशी दोन दिवे. हालचाल झाली की हिरवा, बराच वेळ काही हललं नाही तर लाल. वहिनीला सांगितलं, लाल दिसला तर वळवायचं. संध्याकाळी पाहिलं, बरोबर चाललं. यंत्र तिथेच ठेवून आम्ही अमरावतीला परत आलो.

पुढच्या रविवारी गेले तर वहिनी मला थेट आत घेऊन गेली. तिने आत्याला हळूच कुशीवर केलं, गाऊन वर सारला. माकडहाडापाशी तळहाताएवढा लाल डाग होता. वहिनीने बोटाने दाबला. आत रक्त नीट खेळत असतं, तर दाबल्यावर तो पांढरा व्हायला हवा होता. झाला नाही.

“दिवा हिरवाच होता,” वहिनी म्हणाली. “दुपारभर हिरवा. म्या म्हटलं, मशीन म्हनते नं, हालल्या म्हून. सयंपाक होता, धुनं होतं. म्या दिवा पाह्यला, आईले नाई पाह्यलं.”

ती रडली नाही. आवाज मात्र असा होता की मला तिथून निघून जावंसं वाटलं. डाग फुटला तर पुढे काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आता तो डाग आमच्या हिरव्या दिव्याखाली उमटला होता.

का ते दुपारीच कळलं. गल्लीतली एक बाई आत्याला भेटायला आली, हातात केळी. मी तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. तिने ती पायाने बाजूला सारली आणि थेट खाटेवर आत्याच्या पायापाशी मांडी घातली.

“बसा ना मावशी खुर्चीवर,” मी म्हणाले.

“खुर्चीवर बसाले मी काय बँकेत आली का वं?”

ती आत्याचे पाय दाबत बोलत राहिली. लेकीचं, जावयाचं, नळाचं. गादी हलत होती. दिवा हिरवा. ती उठली तर दुसरी आली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस खाटेवर बसतो. लांब खुर्चीवर बसला तर लोक म्हणतात, तोंड दाखवायला आला होता. सबंध दुपार कुणी ना कुणी त्या गादीवर होतं आणि सबंध दुपार आत्या पाठीवर होती.

“हे पाहुने मोजाचं मशीन झालं,” परतवाड्याचा म्हणाला, पण हसला नाही.

मी माझ्या वळणावर गेले. कागद घेतला, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कृपया खाटेवर बसू नये’, आणि खाटेच्या डोक्याशी भिंतीला चिकटवला. आत्याला वाचता येत होतं, फक्त मान वळवायला वेळ लागायचा. तिने मान वळवली, वाचलं आणि उजवा हात गादीवर आपटला.

“काढ थे.”

“आत्या, तुह्या पाठीसाठी...”

“काढ म्हन्तो ना. माणसं जवळ नाई बसली त मी काय सामान हाय का वं? घरात ठेवलेलं?”

एवढं मोठं वाक्य ती झटक्यानंतर पहिल्यांदाच बोलली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, वहिनीने पुसली. मी कागद काढला. भिंतीचा रंग कच्चा होता, थोडा कागदासोबत आला. तो पोपडा अजून तसाच आहे.

म्हणजे माणसं बदलायची नव्हती, सेन्सर बदलायचा होता. आणि लवकर, कारण आता डाग वाट पाहणार नव्हता. परतीच्या गाडीत आम्ही दोघं बोर्ड उघडून बसलो. बोरगावला पाऊण तास गाडी थांबली. समोरच्या बाकावरच्या माणसाने आम्हाला विचारलं, काय करून राहिले बाप्पा, बॉम्ब गिम्ब हाय का? परतवाड्याचा म्हणाला, “नाई काका. पाठ हाय एका बाईची.” माणसाने खिडकीबाहेर पाहिलं.

तिसरा सेन्सर निवडायला वेळ लागला नाही. खरं तर तोच पहिल्यांदा निवडायला हवा होता, पण तो अंगाला लावावा लागतो आणि आम्हाला आजाऱ्याला हात न लावता त्याचं सगळं जाणून घ्यायचं होतं. नखाएवढी चिप. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं, ते जिच्यामुळे होतं ती. पृथ्वी कुठल्या बाजूला ओढते आहे एवढंच ती सांगते. माणूस पाठीवर असला तर एक दिशा, डाव्या कुशीवर दुसरी, उजव्या कुशीवर तिसरी. खोली तापली तरी पृथ्वीची दिशा बदलत नाही आणि खाटेवर दहा पाहुणे बसले तरी आत्याची छाती वळत नाही.

लावायची कुठे, यावर मात्र भांडण. परतवाड्याच्याला कंबरेला पट्टा हवा होता. बांधून पाहिला. आत्या म्हणाली, “टोचते.” बोर्डाचा कोपरा हाडाशी येत होता. जखम टाळायच्या यंत्रानेच जखम केली असती. शेवटी छातीवर, गाऊनच्या बाहेरून, असं ठरलं. वहिनीने लाल ब्लाऊजचा उरलेला तुकडा घेतला, आत कापूस घातला, चिप, बारकी बॅटरी आणि वायरलेसचा तुकडा त्यात ठेवून चारी बाजूंनी शिवला आणि काळ्या गोफाने गाऊनच्या काजाला बांधला.

आम्ही तिघांनीही लांब होऊन पाहिलं. तो हुबेहूब ताईत दिसत होता.

मी ज्या घरात वाढले त्या घरात ताईत म्हणजे काय ते मी सांगायला नको. वडिलांनी त्यावर आख्खी पत्रकं काढली होती. मी वहिनीला म्हणाले, दुसरा रंग नाही का? ती म्हणाली, हाय ना, पेटीकोटचा पिवळा हाय, लिंबासारखा. मी लालच राहू दिला.

केळीवाली मावशी आली, खाटेवर बसली, आणि पहिलं बोट त्या पिशवीकडे.

“कोन्या बाबाचा व्हय वं?”

“अमरावतीच्या कॉलेजातला बाबा हाय,” वहिनी म्हणाली. “मार्क देते.”

मी मावशीला समजावून सांगितलं. गुरुत्वाकर्षण, दिशा, कूस. मी बरंच बोलले. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं, पिशवीला बोट लावलं, ते बोट कपाळाला लावलं आणि म्हणाली, “असू दे. गुन आला का सांगजो, माह्या जेठाले पाह्यजे.”

परतवाड्याचा बाहेर जाऊन हसला. मला हसू आलं नाही आणि चिडायचं बळही नव्हतं.

यंत्र मात्र चाललं. पिशवीतून खबर एका डबीला जायची आणि डबीत बझर होता. वेळ झाली की वाजायचा. आम्ही डबी आत्याच्या खिडकीत ठेवून आलो. सरांना आकडे दाखवायला दादाच्या मोबाइलवरही तक्ता यायचा, कितीला कूस बदलली, किती उशीर झाला. सरांना तो तक्ता फार आवडला.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा डबी खिडकीत नव्हती. दादाने ती स्वयंपाकघरात, मिक्सरच्या वर, खिळा ठोकून बसवली होती.

“कूलरच्या आवाजात तठी ऐकू येत नोह्तं,” दादा म्हणाला. “अठी हिले बराबर ऐकू येते.”

दुपारी मॅच चालू होती. मामाजी दिवाणावर, दादा जमिनीवर भिंतीला टेकून. वहिनी कणीक तिंबत होती. बझर वाजला. बैठकीतून दोन आवाज एकदम आले, मुलाचा आणि बापाचा.

“अवं, वाजून राह्यलं!”

वहिनीने हात धुतले. मधल्या खोलीत गेली. बझर थांबला. ती परत आली, हातावरचं पाणी निथळलं, पुन्हा कणकेत हात घातला. बैठकीतून तिला कुणी पाहिलं नाही. आत्याची खोली दिवाणापासून स्वयंपाकघरापेक्षा जवळ आहे.

“मशीन एक नंबर बनवली पोरी,” मामाजी म्हणाले. “आता इले याद द्याचं काम नाई.”

“काल दुपारी लेट होती हे,” दादाने मोबाइल वर धरला. “पाय, लालमधी दाखवते. म्या ड्युटीवरून फोन केला.”

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी खाली मान घालून बोलली, कणकेशी बोलावं तशी. “पह्यले विसरली त विसरली म्हनता येत होतं. आता थे बी गेलं.”

मग लगेच म्हणाली, “तुमच्यावर नाई म्हनत, बाई. आईचा डाग वाढला नाई, हे बी खरं हाय. पन आता माहा बी डोया लागत नाई. झोपेत बी वाजते थे.”

यंत्रात सगळं बरोबर होतं. उष्णतेने फसत नव्हतं, पाहुण्यांनी फसत नव्हतं. आमच्या विभागातलं त्या वर्षीचं सर्वांत नीट यंत्र ते होतं, असं सर म्हणाले होते. आणि त्याने एवढंच केलं होतं की एका बाईची उसंत मोजून काढली होती. मधल्या खोलीतून आत्या माझ्याकडे पाहत होती. तिला जे म्हणायचं होतं, तिने ते पूर्वीच बोलून ठेवलं होतं, वडिलांचं पत्रक घडी घालून परत देताना.

मी खिळ्यावरून डबी काढली आणि बैठकीत टीव्हीच्या वर, मधोमध ठेवली. परतवाड्याच्याला म्हणाले, बंद करायचं बटण काढून टाक. कूस बदलली तरच बंद होईल असं कर.

“हा प्रॉब्लेम कोडमधी नाई, पुढारीण,” तो हळू आवाजात म्हणाला. “घरामधी हाय. घर आपल्या सिलॅबसमधी नाई.”

“बटन काढ.”

त्याने काढलं. दादा म्हणाला, मॅचच्या टायमाले हे काय. मामाजी म्हणाले, काढ थे तठून. मी काढली नाही. वाद वाढला असता, पण वहिनी बाहेर आली, तिने पदराला हात पुसले, दळणाचा डबा काखेत घेतला.

“मी गिरनीवर जाऊन येतो,” ती म्हणाली. कुणाकडे न पाहता.

दादाला ड्युटी होती, तोही निघाला. घरात मामाजी, आम्ही दोघं आणि आत्या. मामाजींनी आवाज मोठा केला. मॅच चालली. मग बझर वाजला. स्वयंपाकघरात तो लहान वाटायचा, बैठकीत टीव्हीवर तो असह्य होता. समालोचकाचं तोंड हलत होतं आणि आवाज बझरचा येत होता.

“जाय ना पोरी,” मामाजी म्हणाले.

“मी उद्या नसन, मामाजी.”

“आज त हायेस.”

मी उठले नाही. माझे हात गुडघ्यांवर आवळले होते. आत आत्या पाठीवर, त्या डागावर पडलेली होती, आणि मी बसून होते. असं बसणं मला कुठल्या पत्रकाने शिकवलं नव्हतं. परतवाड्याचा अर्धा उठला, मी त्याचा शर्ट धरला.

मामाजींनी टीव्ही बंद केला. बझर चालूच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा आळशी माणसाचा नव्हता. ते घाबरले होते.

“बायकोले असा पोट्ट्याईसमोर हात कसा लावू मी?” ते म्हणाले. “आयुष्यात नाई लावला.”

हे खरं होतं. लहानपणी आम्ही त्यांच्यासोबत बाजारात जायचो तर आत्या दहा पावलं मागे. लग्नाच्या फोटोत दोघांच्या मध्ये एक टेबल आहे. दवाखान्यात तिला स्ट्रेचरवर घेताना दादा होता, वॉर्डबॉय होता, मामाजी चपला धरून उभे होते. मला सुचलेली सगळी उत्तरं सभेतली होती.

ते उठले. मधल्या खोलीत गेले आणि आतून दार लावून घेतलं. बझर वाजतच होता. दाराआडून खाट करकरली. मग आत्याचा जड आवाज आला.

“तसं नाई. हात नोका वढू... खांद्याले धरा. दुसरा कमरेले. हां. भेता कायले, मोडत नाई मी.”

बझर थांबला.

मी आणि परतवाड्याचा टीव्हीवरच्या डबीकडे पाहत बसलो. आम्ही काही पाहिलं नव्हतं. दार बंद होतं. फक्त त्या लाल पिशवीला आतून कळलं होतं की दिशा बदलली. दार मात्र बराच वेळ उघडलं नाही.

“कोड बराबर हाय,” तो पुटपुटला.

वहिनी पिठाचा गरम डबा घेऊन आली. दारातच थांबली, कान देऊन.

“वाजलं नाई का?”

“वाजलं,” मी म्हणाले.

तिने बंद दाराकडे पाहिलं. डबा खाली ठेवला आणि दिवाणावर, मामाजींच्या जागी, बसली.

मला इथे थांबायला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हाच सेन्सर का? मी ऊन, पडदा आणि पाहुणे सांगितले. ते खूश झाले. बझर कुठे बसवला, हे त्यांनी विचारलं नाही. अहवालात तुलनेचा तक्ता आहे, किंमत, अचूकता, वीज किती खातो. वाजल्यावर कोण उठतं, याचा रकाना त्यात नाही. मी घातला होता. सरांनी काढला, आणि या वेळी रेघ मारताना त्यांनी ‘सॉरी’ म्हटलं.

तक्ता मी दादाच्या मोबाइलवरून काढून टाकला. दादा अजून त्यावरून बोलतो. मामाजी रोज उठतात असंही नाही. परवा वहिनीचा फोन आला.

“मामाजीनं बझरवर टॉवेल टाकून ठेवला होता.”

“मंग?”

“मंग काय, आईनं हाक मारली. तिच्यावर कोठून टाकतीन टॉवेल?” ती हसली. मग म्हणाली, डाग फिका झाला आहे, गेलेला नाही.

मी थकले आहे. एका घरात एक डबी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला मला इंजिनिअरिंगचं एक वर्ष लागलं. तुमच्या घरी मी येऊ शकत नाही, म्हणून वडिलांच्या नियमाप्रमाणे काम तुम्हाला देते.

तुमच्या घरात, नाहीतर गल्लीत, कुणीतरी पडून असेल. आज तिथे जा. खुर्ची बाजूला सारा, खाटेवर बसा. तुमच्याकडे कुठलाही सेन्सर नसला तरी चालेल, त्या माणसालाच विचारा की कूस बदलायची का. हो म्हणाले तर घरातल्या बाईला हाक मारू नका. उठा. एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि ओढू नका. कसं करायचं ते ज्याची पाठ आहे तोच सांगेल. तेवढं ऐका आणि वळवा.